अप्पांची वाटणी

“चेहरा थोरल्याकडेच जातो,” सुधन्वा म्हणाला.

“मग आशीर्वादाच्या हातासकट धड माझं,” धाकटा श्रीरंग म्हणाला.

मेलेल्या माणसाची त्रिमिती आकृती एकच ठेवायची, नक्कल काढायची नाही, असा कायदा होता. श्राद्धाला पाटावर बसवायला मात्र दोघांनाही आपापल्या फ्लॅटमध्ये अप्पा हवे होते. त्यांना जिवंतपणी दोघांपैकी कोणीच ठेवून घेतलं नव्हतं.

संगणकावरच्या ऑपरेटर बाईंनी तोंड वाकडं करून आकृतीच्या मानेवर रेघ ओढली. पडद्यावरची, बारीक त्रिकोणांनी विणलेली अप्पांची जाळी दुभंगली.

“आत काहीच नाही?” श्रीरंगने विचारलं.

“जाळी पोकळच असते. नुसतं वरचं कातडं.”

शेजारी बसलेल्या आईने त्या पोकळीत नीट पाहिलं, मग मुलांकडे.

“पोरं कोणावर गेलीत,” ती म्हणाली, “ते आज कळलं.”