रांगेचं शेपूट

सहाला सहा मिनिटं कमी होती आणि विजयमाला रांगेत सगळ्यांत शेवटी उभी होती. नखांत पुऱ्यांची कणीक तशीच वाळलेली. हात धुवायला थांबली असती, तर शाळेचं फाटक गाठणंच झालं नसतं.

फाटकावरच्या पोलिसाने घड्याळ पाहिलं, काठी आपटली आणि आता पाळी येणार नाही म्हणून मागच्यांना गुजरातीत घरी जायला सांगितलं. "चालो बेन, पाछळवाळा घरे जाव. हवे वारो नहीं आवे."

पुढे वीस-बावीस बायका होत्या. त्यातली एक खरंच निघून गेली. विजयमालाच्या पुढची म्हातारीही काठी टेकत वळली, तसा विजयमालाने तिचा हात धरला. "मावशी, हलू नका."

गेल्या निवडणुकीत ती स्वतः अशीच घरी गेली होती. पोलिसाने जा म्हटलं की जायचं, एवढंच तेव्हा ठाऊक. गोत्री भागातल्या याच रस्त्याने स्वतःलाच शिव्या घालत चालली होती आणि पाच वर्षं ते न दिलेलं मत तिला सलत राहिलं होतं. यंदा मात्र तिला कायदा ठाऊक होता. तो तिला पोळ्या लाटता लाटता मिळाला होता. सकाळी ती ज्यांच्याकडे स्वयंपाक करायची त्या निरुपमाताई शिक्षिका, त्यांना निवडणुकीची ड्यूटी लागली, आणि सरकारी पुस्तक हातात घेऊन त्या स्वयंपाकघरातच फेऱ्या मारत मोठमोठ्याने पाठ करायच्या. रांगेचं आणि रांगेत वाटायच्या चिठ्ठ्यांचं पान आलं, तेव्हा विजयमालाने गॅस बंद केला. "ताई, हे परत वाचा." ताईंनी तीनदा वाचलं.

"आम्ही नाही जाणार, साहेब," ती पोलिसाला म्हणाली. "सहाच्या आधी जो रांगेत उभा, त्याचं मत घ्यायलाच लागतं. मग रात्रीचे आठ वाजू देत."

"मने कायदो शीखवे छे?"

"शिकवत नाही. मला ठाऊक आहे, तेवढं सांगते."

पोलीस फाटक ओढायला लागला. ते बंद झालं असतं, तर ती आणि म्हातारी दोघीही बाहेर राहिल्या असत्या. विजयमालाने लोखंडी पट्टीवर चपलेसकट पाय रोवला आणि सगळं मैदान ऐकेल अशा आवाजात ओरडली, "मोठे साहेब! चिठ्ठ्या द्या! शेवटून सुरू करा!"

फाटक तिच्या चपलेला येऊन भिडलं. पण पाय तिने काढला नाही.

वर्गातून केंद्राध्यक्ष बाहेर आले. दिवसभराच्या उकाड्याने शर्ट पाठीला चिकटलेला, हातात सही केलेल्या चिठ्ठ्या. ते पोलिसाला दोन शब्द बोलले आणि सरळ रांगेच्या शेवटी आले. पहिली चिठ्ठी त्यांनी विजयमालाच्या हातात ठेवली. त्यावर आकडा होता एक. मग म्हातारीला दोन, तिच्या पुढचीला तीन.

"तू तर शेवटची ना गं?" म्हातारीने विचारलं.

"शेवटून वाटतात, मावशी. म्हणजे मागून कुणाला घुसता येत नाही."

सहा वाजले. दोघींना आत घेऊन पोलिसाने फाटक लावलं, तेही जरा हळूच. विजयमालाने चिठ्ठी मुठीत धरली आणि पहिल्यांदा तिला धड श्वास घेता आला.

पाचेक मिनिटांनी फाटकाबाहेर पांढरी गाडी येऊन थांबली आणि तीतून नयनाबेन उतरल्या. दुपारी विजयमाला त्यांच्याच घरी पुऱ्या लाटत होती. पाहुणे आले होते. "मत क्यां भागी जाय छे? छ वाग्या सुधी होय," सहापर्यंत वेळ आहे, असं त्या तीनदा म्हणाल्या होत्या. पावणेसहाला विजयमालाने लाटणं खाली ठेवलं, तेव्हा परातीत निम्मी कणीक बाकी होती. "गई तो काले आवती नहीं," गेलीस तर उद्या यायचंच नाही, असं नयनाबेननी बजावलं होतं. ती तरीही निघाली होती.

आता नयनाबेन गजांना धरून पोलिसाशी गोड बोलत होत्या. आपण रांगेतच होतो, पर्स विसरली म्हणून गाडीपर्यंत गेलो, एवढंच. मग त्यांना विजयमाला दिसली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"माला! कहे ने भाईने, हूं तारी पाछळ ज ऊभी हती ने?" आणि लगेच, हसून, "काले टाइमसर आवी जजे, हं."

म्हणजे काम परत मिळत होतं. एक 'हो' म्हणायचं, बस.

पोलीस विजयमालाकडे वळला. या वेळी काठी बगलेत होती. "बोलो बेन. आ तमारी पाछळ हता?"

विजयमालाने नयनाबेनचे हात पाहिले. सोन्याच्या बांगड्यांना कणीक चिकटली होती. उरलेल्या पुऱ्या बाईंना स्वतःलाच लाटाव्या लागल्या होत्या. क्षणभर तिला खरंच वाईट वाटलं. आपल्यालाही असंच फाटकावरून परत पाठवलं होतं, तेव्हाची ती संध्याकाळ आठवली.

मग तिने मूठ उघडली. घामाने ओली झालेली चिठ्ठी पोलिसासमोर धरली.

"वाचा साहेब, एक नंबर आहे," ती म्हणाली. "माझ्या मागं कुणी नव्हतं."