बदली अक्षर

'शिवराम पेंटर' हा फॉन्ट सापडला नाही.
बदली फॉन्ट वापरायचा?
हो / नाही

अस्मितानं मान वळवून मागं पाहिलं. शिवराम पेंटर तिच्या बॅनर-छपाईच्या दुकानात, तिच्याच पाठीमागं, प्लास्टिकच्या स्टुलावर बसून चहात खारी बुडवत होते. हात थरथरला. अर्धी खारी चहातच राहिली.

"काय म्हणतंय ते?"

"तुमचं अक्षर नाही म्हणतंय, बाबा. सुयोगनं फॉन्ट पाठवलाच नाही."

पाठवला होता. सकाळीच, व्हॉट्सअ‍ॅपवर, त्यानं केलेल्या बॅनरच्या फाइलसोबत. खाली जोडलेले हात : ताई, सरांना दाखवा.

बाबांना सर म्हणणारा कॅम्प दोनच्या अख्ख्या वस्तीत तो एकटा. बाबांचा हात असा थरथरायला लागायच्या आधी त्यानं त्यांच्यासमोर बसून एकेक अक्षर काढून घेतलं, कॉम्प्युटरवर चढवलं आणि फॉन्टला त्यांचं नाव दिलं.

तिनं 'हो' दाबलं.

अंबरनाथच्या विहाराचा बॅनर उघडला. बुद्धपौर्णिमेच्या मंगल कामना कुठल्याशा ठोकळ्या अक्षरात, पिंपळपानाच्या चौकटीबाहेर सांडलेल्या.

"विहाराला हे असलं जाणार?" शिवराम पेंटर म्हणाले. "तिथं दरवर्षी माझं अक्षर असतं."

"ते तुम्ही त्याला देऊन टाकलंत."

"तो मागायला आला."

"मीपण मागितलेला. ब्रश."

"पोरीला वर कोण चढवतं? तू खाली शिडी धरायचीस, म्हणून तर मी वर बिनघोर."

ती माऊस उगाच फिरवत राहिली.

त्यांनी खिशातून फोन काढला. "थांब, सुयोगला सांगतो. असेल तिथून धावत येईल तो."

"नको." मग जरा हळू, "आला बघा फॉन्ट. आत्ताच आला."

त्यांनी फोन खिशात ठेवला.

फॉन्ट चढवला. फाइल बंद. फाइल पुन्हा उघडली. अक्षरं आत सरकली, चौकटीत नीट बसली. वेलांट्या जराशा मागं रेललेल्या. लहानपणी शिडीखालून, मान दुखेपर्यंत बघितलेल्या.

"हां," शिवराम पेंटर म्हणाले.

खाली कोपऱ्यात, त्याच अक्षरात, बारीक :

डिझाइन – सुयोग

तिनं ते नाव निवडलं. त्यावर टाइप केलं.

डिझाइन – अस्मिता

पाठीमागं स्टूल ओढल्याचा आवाज झाला. शिवराम पेंटर पडद्याजवळ आले. चष्मा कपाळावर सरकवला, डोळे बारीक केले. बोट तिच्या नावावरून, काचेला न लावता, सावकाश फिरलं.

"चांगलं उतरलंय. हे कधी लिहिलं मी?"

"नाही लिहिलंत."

तिनं कंट्रोल-झेड दाबलं.

डिझाइन – सुयोग