संध्याकाळ निळी कशी झाली

"तीनच ओळी द्या मास्तर," सचिव म्हणाला. "निळी संध्याकाळ तुम्हाला सुचली कशी, एवढंच. बाकी पान लावून तयार आहे."

छायालेखकांच्या संघटनेच्या लांबट खोलीत टेबलावर वार्तापत्राचं प्रूफ पसरलं होतं. 'सदस्यांच्या बातम्या' या पानावर एकाला पाण्याखालच्या चित्रीकरणाचं प्रशस्तिपत्र मिळालं होतं आणि एकाला जुळ्या नाती झाल्या होत्या. पण अर्धं पान मास्तरांच्या फोटोने खाल्लं होतं. सत्तरीच्या उंबरठ्यावर वर्षातला सर्वोत्तम छायालेखक! परीक्षकांनी लिहिलं होतं, 'संध्याकाळ सोनेरी दाखवण्याची मळलेली वाट सोडून छायालेखकाने ती धाडसाने निळी ठेवली. एकट्या बापाचं घर त्या निळाईत गोठून जातं.'

मास्तरांनी ते पुन्हा वाचलं. मग प्रूफ बाजूला सारलं.

नऊ दिवसांपूर्वी त्यांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता. घरी आल्यावर बायकोकडे बघून ते म्हणाले, "तुझे केस एवढे पांढरे कधी झाले गं?" ती म्हणाली, "झाली की सात-आठ वर्षं. तुम्ही शूटिंगला होतात." दोघं पोट धरून हसले होते. मग चौथ्या दिवशी मास्तरांनी हौसेने आपलाच सिनेमा लावला आणि हसू पळालं. संध्याकाळ निळी होती. नीळ जास्त पडलेल्या सदऱ्यासारखी निळी. त्यांनी उजवा डोळा झाकून नुसत्या डाव्याने पाहिलं, तर संध्याकाळ सोनेरी! हवी होती तशीच, अगदी त्यांच्या मनातली.

मोतीबिंदूने सगळं पिवळं दिसत होतं, म्हणून रंग जुळवताना मास्तर त्यात निळा ओतत राहिले होते. धाडस कसलं आणि काय!

आणि ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं असंही नाही. रंग जुळवणारी कलरिस्ट दुसऱ्याच दिवशी म्हणाली होती, "सर, फार निळं होतंय." तिने यंत्रावरचा रंगांचा आलेखही दाखवला. मास्तर कडाडले, "आलेख तू बघ. मी डोळ्यांनी काम करतो." तिने तिसऱ्यांदा तोंड उघडलं, तेव्हा त्यांनी तिला सिनेमातूनच काढायला लावलं. पुढे तिचा संघटनेच्या सदस्यत्वाचा अर्ज समितीपुढे आला, तेव्हा त्यांनी त्यावर शेरा लिहिला, 'रंगांची नजर कच्ची.' मास्तरांचा शेरा म्हटल्यावर कोण कशाला बोलतंय? अर्ज परत गेला.

"काय लिहू?" सचिवाने पेन उघडलं.

"लिही. ही संध्याकाळ मला सुचलेली नाही. मला मोतीबिंदू होता. मला ती सोनेरी दिसत होती."

सचिव हसला. मास्तर हसत नाहीत असं बघून त्याने पेन खाली ठेवलं.

"मास्तर, कशाला हात दाखवून अवलक्षण? परीक्षकांची पंचाईत होईल. आणि डोळ्यांचा गवगवा झाला की पुढचा सिनेमा कोण देणार तुम्हाला?"

हाच प्रश्न मास्तर पाच दिवस स्वतःला विचारत होते. भीती वाटत होती, खोटं कशाला बोला? कॅमेरा सुटला तर सकाळी उठून करायचं काय, हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

"दुसरी ओळ," ते म्हणाले. "कलरिस्टने मला तीनदा सांगितलं होतं. तिची नजर पक्की आहे. कच्ची माझी होती."

सचिवाने लिहून घेतलं. मग म्हणाला, "तिचं नाव छापायचं, तर तिला विचारायला हवं."

मास्तरांनी फोन लावला. तिने तिसऱ्या रिंगला उचलला. मागे कुठल्यातरी सिनेमाचा तोच तो संवाद पुन्हा पुन्हा वाजत होता. मास्तरांनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं, मोतीबिंदू, शेरा, वार्तापत्र. सांगून झाल्यावर पलीकडचा संवाद थांबला.

"आठ महिने मला कोणी उभं केलं नाही, सर," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मास्तरांनी काढलेली मुलगी म्हणायचे."

"माझं चुकलं." गेल्या चाळीस वर्षांत हे शब्द त्यांनी कामाच्या जागी उच्चारल्याचं सचिवाला आठवत नव्हतं. "नाव छापू ना?"

"छापा. आणि अर्ज मी परत भरणार नाही. तुम्हीच परत बोलवा."

"बोलावतो. समितीला मी सांगतो."

झालं, आता ती फोन ठेवणार असं मास्तरांना वाटलं. पण तिने ठेवला नाही.

"डाव्या डोळ्याचं ऑपरेशन कधी आहे, सर?"

"पुढच्या महिन्यात. का गं?"

"त्याआधी एकदा माझ्याकडे या. एक संध्याकाळ अडली आहे. आलेख म्हणतो बरोबर आहे, मलाही बरोबर दिसते, पण जीवच नाही तिच्यात." मग म्हणाली, "उजवा झाकून बघायचं हं."