खंड्याचा वेगळा खण

दादाराव गजभियेंनी कपाटाचा खण ओढला. आत जेमतेम बोटाएवढा एकच पक्षी होता.

"अगंबाई! एवढा मोठा खण या चिमण्या जिवाला?" पद्मजावहिनी म्हणाल्या.

शिकागोच्या म्युझियममधले पेंढा भरून जतन केलेले पक्षी दादाराव सांभाळत. आज नरेंद्र आणि पद्मजाला त्यांनीच बोलावलं होतं. सोबत त्यांची बायको कांताही होती.

चार वर्षं दर रविवारी दादाराव नेपरव्हिल उपनगरात नरेंद्र-पद्मजाकडे चहाला जात. त्या बर्फात तेवढंच एक मराठी घर. सगळ्यांना निळ्या काठाचे कप, दादारावांना पिवळा मग. तो मग राही सिंकखाली. 'आपला खास मग,' असं ते मनाला समजावत. कांता नागपूरहून येऊन महिनाच झाला होता. गेल्या रविवारी तिला थर्माकोलचा कप मिळाला. परतताना गाडीत ती म्हणाली, "आपलं आडनाव कळल्यावरच निघाला ना हो तो पिवळा मग? तुम्ही खुशाल जा. मी नाही येणार." दादारावांना रात्रभर झोप लागली नाही. ते घर तोडायचं, की बायकोलाही हा अपमान गिळायला लावायचा?

"आफ्रिकेतला बुटका खंड्या," दादाराव सांगू लागले. "बाकी सगळा भावंडांसारखा. चोच तेवढी चपटी, म्हणून शंभर वर्षं वेगळा गट, वेगळा खण. आता नव्या यादीत त्याला भावंडांत घेतलंय."

"नुसत्या चोचीवरून? बिचारा! ठरवलं तरी कोणी?"

"ज्यांच्या हातात कपाट होतं त्यांनी, वहिनी," दादाराव शांतपणे म्हणाले. "तुमच्याकडे माझा मग सिंकखाली कोणी ठेवला?"

पद्मजाचा चेहरा पडला. नरेंद्र नुसता खिडकीबाहेर बघत राहिला. दादारावांनी खंड्या अलगद उचलला आणि शेजारच्या खणात, इतर खंड्यांच्या ओळीत ठेवला.

रविवारी ते नेपरव्हिलला गेले नाहीत. चार वाजता त्यांच्याच दारावरची बेल वाजली. बाहेर पद्मजा बूट आपटून बर्फ झाडत होती. एकटीच आली होती. तिने पर्समधून पिवळा मग काढून टेबलावर ठेवला.

"कांता, चुकलं गं माझं," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "आज मला यातच चहा दे."

कांताने तो मग उचलून बाजूला ठेवला.

"आमच्याकडे सगळ्यांना सारखेच कप असतात, ताई. बसा."