शवपेटीमागचा मान

फ्रान्समधल्या त्या गावच्या दफनभूमीत तेनिएर आडनावाचे एकोणीस दगड होते. जिवंत तेनिएर मात्र एकच, म्हातारा आर्मांद. त्याचा एकुलता मुलगा लग्नाआधीच वारला, तेव्हा त्याची गरोदर प्रेयसी मिरेय दारात आली होती. "आमचं आडनाव रस्त्यावर पडलेलं नाही," म्हणत त्यानं दार लावलं. मिरेयची ती मुलगी, क्लेमांस, आता त्याला रोज बेकरीतून पाव आणून द्यायची. त्यानं एकदा तरी नात म्हणावं, एवढंच तिला हवं होतं.

साडेतीनशे वर्षांपूर्वी इथून कॅनडाला गेलेल्या तेनिएरांचा वंशज बेनुआ मुळं शोधत आला, डीएनए तपासणीच्या नळ्या घेऊन. आर्मांदनं त्याला घट्ट मिठी मारली.

"काका, यात थुंका."

"जन्मभर करवसुली करणाऱ्यांच्या नावानं थुंकलो, आज कुणी आदरानं मागतंय!"

क्लेमांसनं उरलेली नळी उचलली. "मलाही थुंकता येतं, आजोबा."

"मिरेयच्या पोरी, पाव ठेव आणि नीघ."

तिनं नळी तरीही भरून दिली.

निकालाआधीच आर्मांद गेला. शवपेटीमागे पहिला मान रक्ताच्या माणसाचा, म्हणून बेनुआ पुढे चालला. क्लेमांस सगळ्यांच्या मागे.

दुसऱ्या दिवशी निकाल आला.


आर्मांद आणि बेनुआ: शून्य टक्के.
आर्मांद आणि क्लेमांस: साडेचोवीस टक्के. नातं: आजोबा-नात.