एकविसावी

"दाखला लिहून द्या बाई, म्हणजे आजच तिकडं नाव घालून येते," म्हणत इस्त्रीवालीनं पत्र टेबलावर ठेवलं. पत्रावर एक सुरकुती नव्हती. बहुतेक त्यालाही इस्त्री झाली होती.

पत्र टेकडीवरच्या खासगी शाळेचं होतं. ती शाळा दरवर्षी सरकारी शाळेतलं एक मूल निवडून फुकट शिकवायची. यंदा इस्त्रीवालीची मुलगी निवडली गेली होती आणि आज शेवटचा दिवस होता. पोरगी पहिल्या बाकावर हाताची घडी घालून बसली होती, बाईंनी शिकवलं होतं तशी.

निवडीच्या परीक्षेला तिला बसवलं होतं बाईंनीच. शाळा सुटल्यावर रोज तासभर थांबवून तिची तयारीही करून घेतली होती. तेव्हा वरच्या ऑफिसचं पत्रक यायचं होतं. ते परवा आलं. पटावर एकवीस मुलं असतील तर दोन शिक्षक, वीस झाली की एकच. हेडसर जुने, ते राहणार. बाईंना उचलून दूरच्या कुठल्या तरी गावी टाकणार, आणि नवरा, मुलगा, घरदार सगळं इथं. पटावर आज मुलं होती बरोब्बर एकवीस. बाईंनी तीनदा मोजून पाहिलं, एकही वाढलं नाही.

"दाखल्याचं काय, पाच मिनिटांचं काम," बाई म्हणाल्या आणि हातातलं पेन खाली ठेवलं. "पण नीट विचार केलात ना?"

एवढंच पुरलं. इस्त्रीवाली मटकन खुर्चीत बसली.

"विचार करून डोकं फुटायची वेळ आलीय बाई. हिचे बाबा म्हणतात, अंथरूण पाहून पाय पसरावेत. शेजारीण म्हणते, चालून आलेलं लाथाडू नकोस. मला मेलीला यातलं काय कळतंय? तुम्ही सांगाल ते. पोरीचं भलं कशात आहे?"

भलं कशात आहे ते बाईंना लख्ख माहीत होतं. पोरीकडे न बघता त्या म्हणाल्या, "फुकटची मुलं तिथं लगेच ओळखू येतात हो. चपलांवरून, डब्यावरून. कुणी खेळायला घेत नाही. इथं पहिली येते, तिथं कोपऱ्यात पडेल. माझा मुलगा तिथंच आहे, म्हणून सांगते. शाळेचं नाव काढलं की रडतो. आज सकाळीसुद्धा रडला."

रडला होता हे खरंच होतं. अंगात ताप, म्हणून बाईंनी त्याला घरी ठेवलं, तर शाळेत जायचंच म्हणून त्यानं भोकाड पसरलं. पण अगदीच काही खोटं बोललो नाही, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. मनही मोठं गुणी, लगेच समजलं.

इस्त्रीवालीनं पत्र उचललं आणि त्याचे दोन तुकडे केले, मग चार.

"बरं झालं तुम्हाला विचारलं. दुसऱ्या कुणी दाखला हातात देऊन वाटेला लावलं असतं."

दारापर्यंत जाऊन ती थांबली.

"एक बोलू बाई? राग मानू नका. माझ्या पोरीला वाचवलंत, मग पोटच्या पोराचेच का हाल करता? एवढंसं लेकरू ते. काढा की तिथून. इथं आणा. तुमच्या डोळ्यांसमोर राहील."

बाईंनी खाली ठेवलेलं पेन उचलून त्याला टोपण लावलं. "बघू," एवढंच त्या म्हणाल्या.

पोरीनं शेजारचं दप्तर उचलून मांडीवर घेतलं, पार भिंतीपर्यंत सरकली, आणि रिकामी झालेली जागा फ्रॉकच्या घेरानं पुसली.

"इथं बसू दे त्याला, बाई," ती म्हणाली. "रडला तर मी बघीन."