गाठ

पोळ्याच्या आदल्या दिवशी संशोधकाचा तिसरा मेल आला: ‘मानेच्या बुडाशी हा फुगवटा कुठल्या हाडावरून काढलात?’ कोट्यवधी वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याचं मातीचं शिल्प मी त्याच्यासाठी ब्राह्मणपुरीतल्या घरी करत होते. हाडांचे फोटो समोर होते; स्नायू अंदाजानं चढवायचे होते. पुन्हा सगळे फोटो तपासले. तिथे जाड स्नायू असल्याची एकही खूण नव्हती. मग दोनदा खरवडूनही माझा हात पुन्हा तिथेच माती का थापत होता? आईनं येऊन फुगवट्यावर तळवा ठेवला. “हाई तं आपला चांद्यानी गाठ. आठेच जू बसे.” चांद्या बैल गेल्या वर्षी विकला. दरवर्षी याच दिवशी मी त्याचा खांदा तुपानं मळायचे. संशोधकाला काय लिहू? खरवडायला सुरी उचलली. आई हळद-तुपाची वाटी घेऊन आली. “ऱ्हाऊ दे. आज खांदेमळणी शे.”